एका कान्यापुरती जागा

४ मार्च, मंगळवार

सकाळीच डॉक्टर आले. हे दातांचे डॉक्टर, त्यामुळे ते कितीही गोड हसले तरी मला आधी त्यांच्या हातातला चिमटा आठवतो. म्हणाले, "बाई, चौकातल्या दगडावर काय लिहायचं ते तुम्हीच लिहून द्या. स्मारक समितीच्या इतक्या बैठका झाल्या, पण चहाखेरीज काही निष्पन्न झालं नाही."

दगड कसला ते या वहीला सांगायची गरज नाही. पण मी पडले मास्तरीण, संदर्भासह स्पष्टीकरण दिल्याशिवाय मला चैन पडत नाही. युद्धाच्या दुसऱ्या वर्षी शत्रू नदीपलीकडे येऊन बसला होता. घरोघरचे नळ कोरडे होते आणि चौकातल्या टाकीवर रोज पाण्याची रांग लागायची. एका सकाळी त्या रांगेवर बाँब पडला आणि एकोणीस माणसं गेली. बाँब शत्रूचा नव्हता, आपल्याच सैन्याचा होता. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, फक्त कुठल्याही सरकारी कागदाला ठाऊक नाही.

डॉक्टरांचा चहा संपायच्या आत मी लिहून दिलं:

या जागी पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या
एकोणीस जणांवर बाँब पडला.
त्यांच्या हातात भांडी होती.
गाव त्यांना विसरलेले नाही.

संध्याकाळी जावईबापूंना वाचून दाखवलं. ते स्वयंपाकघरात नळ उघडून बसले होते. नळ गळत नव्हता, पण पुढे गळेल म्हणाले. सगळं ऐकून घेतलं, "छान आहे, आई" म्हणाले आणि हातातला पाना स्वतःच्याच पायावर पाडून घेतला. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. माझ्या कुंडलीतला हा ग्रह नळ दुरुस्त करतो. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात आहे. युद्ध संपल्यावर इथे यायला कुणी तयार नव्हतं, तर याने मागून बदली घेतली. पहिल्याच वर्षी त्याने सगळ्या गल्ल्यांत नळ आणले. सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरी जाऊन फुकट वायसर बदलून देतो. आमच्या ठकीने हे रत्न कुठून शोधून काढलं कोण जाणे. ठकी म्हणजे माझी एकुलती एक लेक, इस्पितळात परिचारिका आहे. तिने आजवर आणलेल्या वस्तूंपैकी ही एकच टिकाऊ निघाली.

७ मार्च, शुक्रवार

जावईबापूंचं एक मात्र मला उमगत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बेकरी आहे. भट्टीचा वास थेट आमच्या उशीपर्यंत येतो. बेकरीवाला माझा विद्यार्थी. ऱ्हस्व-दीर्घाच्या नावाने आनंद होता, पण पाव असा करतो की सगळं माफ. आणि आमचे हे महाशय पाव आणायला पूल ओलांडून पलीकडे जातात! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आज विचारलंच. म्हणाले, "तिकडचा मऊ असतो, आई." मी खाऊन पाहिला. पायपुसणं त्याच्यापेक्षा मऊ असेल. ठकीला म्हटलं, तर ती माझ्यावरच वसकली, "आई, तुला पाव हवाय की चौकशी करायचीय?"

बिचाऱ्या बेकरीवाल्याची बायको त्या रांगेत गेली. त्याचं गिऱ्हाईक असं तोडू नये, इतकंच माझं म्हणणं होतं.

१५ मार्च, शनिवार

दगड कोरून आला. पाथरवटाच्या अंगणात समिती जमली. अक्षर सुरेख आलंय, वेलांट्या तर अशा डौलदार की माझी छाती फुगली. डॉक्टर 'वा वा' करत होते, समितीतले आमचे निवृत्त मेजरसाहेब छडी टेकून उभे होते. तेवढ्यात बेकरीवाला आला. अंगाने एवढा थोरला गडी, पण बोट टेकवून एकेक अक्षर वाचत होता, पहिलीत वाचायचा तसा. दुसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"बाई, पडला म्हणजे?"

"पडला म्हणजे पडला. काय झालं?"

"फळ पडतं. सायकलवरून पोरगं पडतं. हा असाच पडला होय? आपला आपण?"

बोट त्याने तिथून हलवलं नाही. मग तो म्हणाला, "पाडला लिहा."

मेजर ताडकन म्हणाले, "पाडला म्हटलं की कोणी पाडला ते आलं. मग आपलीच पोरं आली. ज्यांनी जीव धोक्यात घालून तुम्हाला वाचवलं त्यांना दगडावर गुन्हेगार म्हणून कोरायचं?"

"मी गुन्हेगार कुठे म्हटलं? मी एक काना मागतोय."

मी म्हटलं, शुद्ध बोलायचं तर बाँब टाकतात, तेव्हा 'टाकला' लिहावं. पाथरवटाने पट्टी लावून पाहिली. म्हणाला, अख्खा शब्द बदलायचा तर दगड वाया जाईल आणि खाणीतून दुसरा यायला वर्ष लागेल. पण प आणि ड यांच्या मध्ये बोटभर जागा आहे. दाबून बसवला तर काना बसेल.

एरवी आपण 'काना-मात्रेचाही फरक नाही' असं म्हणतो. जन्मभर अकर्मक क्रियापदं शिकवली, पण त्यांचा कुणाला असा उपयोग होत असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. 'पडला' लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही, याचंच मला नवल वाटतंय.

२३ मार्च, रविवार

गाव दुभंगलं आहे. एका बाजूला पडलावाले, दुसऱ्या बाजूला पाडलावाले. दगड चौकात नेऊन झाकून ठेवलाय, तर रोज कुणीतरी कापड उचलून खडूने काना देतं आणि कुणीतरी ओल्या फडक्याने तो पुसतं. आकाशवाणीवर चर्चा झाली. त्यात एक विद्वान म्हणाला की युद्धात चुका होतातच. त्यावर एका बाईने दूरध्वनी करून विचारलं, "चुका होतात की करतात?" ही बाई कोण ते मी ओळखलं. माझ्याच हाताखालून गेलेली आहे, खालच्या आवाजात बोलायला ती कधी शिकलीच नाही.

औषधवाला पाडलावाला आणि त्याची बायको पडलावाली. दुकानात एकमेकांशी फक्त गोळ्यांबद्दल बोलतात.

सरकारकडून डॉक्टरांना पत्र आलंय. त्यात 'दुर्दैवी घटना घडली' असं आहे. पुन्हा घडलीच. आयोग नेमलाय, पण त्या सकाळची छायाचित्रं सापडत नाहीत आणि कुणाच्या खुणेवरून काय ठरलं याची नोंद उपलब्ध नाही, असंही आहे.

जेवताना जावईबापूंनी अचानक विचारलं, "आई, पाडला म्हटलं की कर्ता लागतोच का?"

मला कुणी व्याकरण विचारलं की मी भाताचा घाससुद्धा विसरते. म्हटलं, "लागतोच. वाक्यात दिसला नाही तरी असतो. लपून बसलेला असतो."

"मग शोधायचा कसा?"

"क्रियापदाला 'कोणी' असा प्रश्न विचारायचा. सोपं आहे."

त्यांनी ताट अर्धं टाकलं आणि उठले. ठकी माझ्यावर डोळे वटारून म्हणाली, "जेवताना कशाला गं व्याकरण?" आता विचारलं कोणी? म्हातारीला बोलायला सगळे शूर! ऑफिसात काहीतरी बिनसलेलं दिसतंय. उद्या त्यांच्या आवडीची खीर करते.

२९ मार्च, शनिवार

आज मी एक लाजिरवाणी गोष्ट केली. जावयाचा पाठलाग.

ते पुलापलीकडचं प्रकरण माझ्या डोक्यातून जाईना. मी मनाशी एक सिद्धांत मांडला की पाव निमित्त आहे, तिकडे कुणीतरी बाई आहे. (याला मराठीत जावईशोध म्हणतात, फक्त इथे तो सासूने लावला.) ते पिशवी घेऊन निघाले तशी मी चष्मा चढवून मागे. त्यांनी चौक टाळला, मागच्या गल्लीतून वळसा घेतला, पूल ओलांडला, पाव घेतला. बाई वगैरे कुणी नव्हती. दुकानात टक्कल पडलेला एक म्हातारा होता. येताना ते पुलाच्या कठड्याशी थांबले आणि तिथून आपल्या गावाकडे बघत राहिले. मी खांबाआड होते. माझी शिंक वेळकाळ पाहत नाही.

"आई?"

"मला वाटलं, तुमचं तिकडे काहीतरी आहे," मी म्हटलं. खोटं बोलायला सुचलंच नाही.

ते हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. मग कठड्याला टेकून त्यांनी सांगितलं. युद्धात ते 'नकाशाचं काम' करत होते हे मला माहीत होतं. मी समजत होते, नकाशात रंग भरत असतील. लांबच्या कुठल्याशा शहरात, बंद खोलीत बसून ते विमानांतून आलेली छायाचित्रं पाहायचे आणि कुठे काय आहे त्याची खूण करायचे. वरचे त्या खुणेवर हो म्हणायचे.

"त्या सकाळी टाकीपाशी ठरावीक अंतरावर पांढरे ठिपके होते, आई. आणि प्रत्येक ठिपक्यावर एक माणूस. गर्दी अशी नसते हो, गर्दी पांगलेली असते. हे इतकं शिस्तीत होतं की मला नदी ओलांडून आलेली शत्रूची तुकडीच वाटली. मी खूण केली. पुन्हा एकदा बघायला हवं होतं. बघितलं नाही."

मी विचारलं, "ठकीला ठाऊक आहे?"

"लग्नाआधीच सांगितलं."

म्हणजे घरात मीच शेवटची. मला राग कशाचा आला ते सांगता येत नाही. एकोणीस माणसांचा आला, मला न सांगितल्याचा आला, आणि त्या वेळीसुद्धा त्यांनी गळ्यातला मफलर काढून माझ्या खांद्यावर टाकला त्याचा तर फारच आला. मी पुढे चालू लागले. घराच्या दाराशी आल्यावर लक्षात आलं की पावाची पिशवी माझ्याच हातात आहे.

२ एप्रिल, बुधवार

चार दिवस अबोला धरला. आज सकाळी त्यांनी माझ्या खोलीतला दिवा बदलला, स्टुलावर उभे होते, स्टुलाचा पाय डुगडुगत होता. मी स्टूल धरलं. मग अबोला कसला राहतो?

माझ्या मनाची शोभा इथे लिहून ठेवते. दुसऱ्या कुणाचा जावई असता तर मी पहिली ओरडले असते की काना द्या आणि नावही द्या. माझा निघाला, तर मला 'पडला' हा शब्द एकाएकी फार सोज्वळ वाटायला लागला. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. त्यात समितीची मतं समसमान पडली आहेत आणि डॉक्टरांनी निर्णय माझ्यावर टाकलाय. बारा तारखेच्या जाहीर सभेत मी जे म्हणेन ते कोरायचं. मी 'पडला राहू दे' म्हटलं की संपलं, 'कोणी' हा प्रश्नच उठत नाही.

हे मी त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तुम्ही काना द्या, आई. कर्ता मी आणतो."

तेव्हापासून मी वकिली करतेय. म्हटलं, बोलायचंच असेल तर सगळं बोला. ते ठिपके सांगा, ती शिस्त सांगा. असं चित्र पाहून कोणीही फसलं असतं. लोक काही दगडाचे नाहीत, समजून घेतील. ठकीचंही तेच म्हणणं. आयोगासमोरही तेच एक कामी येईल म्हणते, नाहीतर सरळ तुरुंग. शेवटी ते 'बरं, सांगेन' म्हणाले. आज कितीतरी दिवसांनी पोळी गोड लागली.

९ एप्रिल, बुधवार

बेकरीवाल्याने चौकात बोलावलं होतं. दगड नेमका कुठे उभा करायचा ते दाखवायला.

टाकीच्या डाव्या अंगाला नेलं आणि जमिनीकडे बोट करत चालू लागला. "रांग इथून सुरू व्हायची, बाई, आणि तिकडे शिंप्याच्या दारापर्यंत जायची. सुरुवातीला काय भांडणं! हंड्याने डोकी फुटायची. मग मला शाळा आठवली. प्रार्थनेला तुम्ही आम्हाला हात लांब करून अंतर घ्यायला लावायचात ना? तसं मी ठरवलं. खडू कुठला मिळायला? भट्टीत अळ्या पडलेलं पीठ होतं. रोज पहाटे मूठमूठ टाकत जायचो. एका हाताच्या अंतरावर एक ठिपका. ज्याने त्याने आपल्या ठिपक्यावर उभं राहायचं."

मी टाकीच्या कठड्यावर बसले.

"एकसुद्धा भांडण नाही झालं नंतर. आजारी माणसंसुद्धा निवांत उभी राहायची. बायको म्हणायची, मला पुढचा ठिपका दे. मी म्हटलं, नाही, घरचं माणूस मागे." त्याने पायाने तिथली माती सारखी केली. मग हसला. "युद्धात सगळ्यांनी काही ना काही केलं. मी काय, पाव भाजले. पण ती रांग लावली ना, तेवढं एक चांगलं काम झालं माझ्या हातून."

"हो रे बाबा," मी म्हटलं. "झालं खरं."

त्याने मला हाताला धरून घरापर्यंत पोचवलं. ऊन लागलं असेल म्हणाला.

आता काय करू? जावयाला सांगितलं नाही तर तो शनिवारी भर सभेत ठिपक्यांचं बोलेल आणि तो बिचारा पहिल्या रांगेत बसून ऐकेल. सांगितलं तर जावयाकडे स्वतःला वाचवायला काही उरत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्या अंतरात माझाही हात आहे, पण माझं काय, मी म्हातारी, सोसेन.

११ एप्रिल, शुक्रवार

सांगितलं. ते गच्चीवर चादरी वाळत घालत होते, मी चिमटे देत होते. ओली चादर हातात धरून ते तसेच उभे राहिले. पाणी पायांवर गळत होतं.

"पीठ होतं?" एवढंच म्हणाले.

ठकी जिन्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि माझ्यावर तुटून पडली. "आई, तू सांगितलंस कशाला? त्याच्याकडे बोलायला एवढंच होतं!"

"न सांगते तर उद्या त्या पोराच्या तोंडावर बोलला असता."

"मग बोलला असता! त्याने खोटं सांगितलं असतं का? पीठ नव्हतं का तिथे? माझा नवरा तुरुंगात गेला की तू त्याला व्याकरण शिकवायला जाणार आहेस?"

इतकं लागेल असं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. तिचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. जावईबापूंनी चादर तारेवर टाकली, तिच्या चारही कडा नीट केल्या आणि ठकीच्या डोक्यावर हात ठेवून खाली गेले.  झोपायच्या वेळी ठकी उशी घेऊन माझ्या खोलीत आली आणि माझ्या कुशीत शिरली. तिचे पाय अजून बर्फासारखे गार असतात. लहानपणी ती ते माझ्या पोटरीला लावायची, आजही लावले.

१२ एप्रिल, शनिवार

सभा शाळेच्या मोठ्या वर्गात होती. मुलांचे बाक, त्यामुळे मोठमोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसलेली. एरवी मला हसू आलं असतं.

मेजर आधी बोलले. वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "खोलीत बसून नाही, मैदानात उभं राहून ठरवावं लागतं, एका क्षणात. त्या पोराला रोज झोप लागत असेल असं तुम्हाला वाटतं का?"  पडलावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मग डॉक्टरांनी माझं नाव घेतलं.

मी उठले. भाषण पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. एवढंच म्हटलं, "काना द्यावा."

गोंगाट झाला. त्यावर मेजरांची छडी आपटली. "मग बाई, वाक्य पुरं करा. कोणी पाडला? आहे नाव तुमच्याकडे?"

नाव माझ्या जिभेवर होतं आणि जीभ टाळ्याला चिकटली होती. मागे बाक सरकल्याचा आवाज झाला.

"मी," जावईबापू म्हणाले. "त्या छायाचित्रावर खूण मी केली. माझ्या खुणेवरून पाडला. वरच्यांनी हो म्हटलं, त्यांचं त्यांना विचारा, पण खूण माझी."

गावातला जवळजवळ प्रत्येक नळ या माणसाच्या हातचा. सगळे मान वळवून त्याच्याकडे पाहत होते. बेकरीवाला उठला आणि दोन बाकांमधून त्याच्याकडे गेला. मला वाटलं, आता हा मारणार. ठकी उठून उभी राहिली.

बेकरीवाल्याने विचारलं, "रांग दिसली होती?"

"दिसली होती."

"माणसं दिसली?"

"दिसली."

"मग असं काय होतं रे आमच्यात, की आम्ही तुला सैनिक वाटलो?" त्याने खाली बघितलं, स्वतःच्या हातांकडे. "तीन वर्षं मी हाच विचार करतोय. आमचं काय चुकलं? रांगेचं काही चुकलं का?"

मी ठकीकडे पाहिलं नाही. मला धीर झाला नाही.

"नाही," जावईबापू म्हणाले. "रांगेत काही चूक नव्हती. मी नीट पाहिलं नाही."

"काहीतरी कारण असेलच ना?"

"कारण नाही. नीट पाहणं हेच माझं काम होतं. मी पाहिलं नाही."

बेकरीवाला तिथेच एका बाकावर बसला, तोंड हातांत घेतलं आणि मोठमोठ्याने रडू लागला. जावईबापू त्याच्या शेजारी उभे राहिले. हात लावायची त्यांची हिंमत झाली नाही, आणि निघून जायचीही झाली नाही. कुणीतरी पाणी आणलं. हळूहळू लोक उठले.

बाहेर मेजर माझी वाट पाहत थांबले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोराला वकील लागेल. माझ्या ओळखीचा एक चांगला आहे." मग टोपी नीट करून चालू लागले.

१८ एप्रिल, शुक्रवार

काना बसला. जरा अंग चोरून उभा आहे, पण बसला.

ऑफिसने जावईबापूंना घरी बसायला सांगितलंय. गावातल्या तिघांनी आमच्याशी बोलणं सोडलं आणि औषधवाल्याची बायको ठकीला मिठी मारून गेली. रेशनच्या दुकानात एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला की बाईंनी घरात काय पोसलंय बघा. मी म्हटलं, "जावई पोसलाय, आणि चांगला पोसणार आहे." उचलली जीभ लावली टाळ्याला. 

३० एप्रिल, बुधवार

आज आम्ही तिघं वकिलाकडे गेलो. मेजरांचा माणूस. तरुण आहे, बोलता बोलता पेन चावतो, पण मन लावून ऐकतो. टेबलावर पुस्तकांचा ढीग आणि त्यावर अर्धवट खाल्लेली बिस्किटं.

ठकीला म्हणाला, "आयोग आता वरच्यांनाही बोलावणार आहे, तुमच्या यजमानांमुळेच ते शक्य झालं. पण ते वरचे काय म्हणतील ते ऐका. खूण चुकीची दिली, आम्ही विश्वास ठेवला, एवढंच. छायाचित्र तर हरवलंय. तेव्हा खूण चुकीची का झाली, याला काहीतरी हवं. त्या चित्रात फसवं असं काही दिसलं असेल, तर शिक्षा निम्म्यावर येईल, कदाचित होणारही नाही."

जावईबापू म्हणाले, "मी सभेत सांगितलंय तेच."

वकिलाने सुस्कारा टाकला आणि पेन आमच्याकडे वळवलं. "अशी माणसं स्वतः बोलत नाहीत, मला अनुभव आहे. पण घरी कधीतरी मन मोकळं केलं असेल. काय दिसलं, कशामुळे फसलो. आठवून सांगा. आई, तुम्हाला काही बोलले होते?"

मला त्या क्षणी सगळं सांगून टाकावंसं वाटलं. देवाशपथ वाटलं. पण तुरुंगात जाणार तो ठकीचा नवरा. वर्षं जाणार ती ठकीची. इथे बोलायचं की गप्प राहायचं हे ठरवायचा हक्क माझा नव्हता. गच्चीवर मला एवढं बोललेली माझी पोर, तिने आता तोंड उघडलं असतं तर मी तिला एका शब्दाने अडवलं नसतं. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या नवऱ्यानेही बघितलं.

ठकीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग ती वकिलाला म्हणाली, "लिहून घ्या. काही फसवं नव्हतं. नुसती पाण्याची रांग होती."